पावसाळ्यात बांधलेली गोलंदाजी

क्रिकेटचा संघ उन्हाळ्यात खेळतो, पण बनतो पावसाळ्यात. ही साधी गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली. तोपर्यंत मी रत्नागिरीत महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो, आणि वर्गासमोर बोलण्यापेक्षा फळ्यावर नकाशे काढण्यात माझे तास बरे जात. खेळाशी माझा संबंध योगायोगाने आला. आमच्या भागातले आंबा बागायतदार बापू यांच्या टेनिस बॉल संघाला गुणलेखक हवा होता. मंडपाच्या कोपऱ्यात गप्प बसून आकडे मांडेल असा माणूस म्हणून कुणीतरी माझे नाव सुचवले. काही मोसम मी तेवढेच केले. पुढे जुने व्यवस्थापक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, आणि बापू मला म्हणाले, "सर, तुम्ही कुणाशी भांडत नाही. आता संघ तुम्हीच बघा." भांडता न येणे ही माझी एकमेव पात्रता होती. त्या पहिल्या पावसाळ्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमचे सामने सड्यावर होतात. सडा म्हणजे समुद्रालगतचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तिथल्या कातळावर मॅट अंथरली की खेळपट्टी तयार. चेंडू हलका, डाव सहा षटकांचा, आणि एका गोलंदाजाला फार तर दोन षटके. म्हणजे तीन गोलंदाजांत काम भागते असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात चार लागतात, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा उठला की हलका चेंडू कुणाच्या हातून कसा सुटेल याचा भरवसा नसतो. फलंदाज आमच्याकडे प्रत्येक वाडीत मिळतो. ज्याला दांडगे खांदे आहेत तो स्वतःला फलंदाजच समजतो. दुर्मीळ असतो तो शेवटचे षटक टाकणारा. समोरचा माणूस प्रत्येक चेंडू सड्याबाहेर भिरकावायला उभा आहे हे माहीत असूनही जो सहा वेळा त्याच्या बॅटच्या बुंध्यात चेंडू टाकतो, त्याच्या शोधात पावसाळा जातो.

या व्यवहारात करार नसतो. मोसम संपला की प्रत्येक गोलंदाज मोकळा. पावसात व्यवस्थापक त्याच्या घरी जाऊन शब्द मागतो आणि गणपतीनंतर, पाऊस ओसरला की, त्याच्या नावाचा टी-शर्ट घेऊन पुन्हा त्याच्या घरी जातो. घरच्यांसमोर शर्ट हातात घेतला की तो माणूस पुढच्या पावसापर्यंत आपला. संघात जुना असला तरी दर वर्षी शर्ट घरी पोचवावा लागतो. आणि ज्याला वगळायचे असते त्याला कुणी काही सांगत नाही. त्या वर्षी व्यवस्थापक त्याच्या घरी जात नाही, इतकेच. मला ही रीत सुरुवातीला फार सोयीची वाटली होती.

त्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या संघाने आमचे दोन गोलंदाज एकाच आठवड्यात नेले. मागे दोघे उरले. एक बापूंचा पुतण्या सूरज, आणि दुसरा दत्ताराम. दत्ताराम शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. वय चाळिशीला टेकलेले. आमच्या संघाचे शेवटचे षटक इतकी वर्षे त्याचेच होते. पण मागच्या मोसमात त्याचा उजवा खांदा कुरकुरू लागला होता. तो कुणाला सांगत नसे; मी गुणलेखक असल्यामुळे त्याच्या चेंडूंचे काय होते ते माझ्या आकड्यांत मला दिसे.

बापूंनी मला बागेत बोलावून सांगितले, "दोन चांगले गोलंदाज शोधा. तिसरा आपल्या वाडीचा महेश आहेच, मुंबईहून येऊन-जाऊन खेळेल म्हणतो. आणि दत्तारामचा हात आता वर जात नाही. यंदा त्याच्या घरी जाऊ नका म्हणजे झालं."

"त्याला कोण सांगणार?" मी विचारले.

"सांगायचं कशाला? त्याला कळेल."

"आणि गोलंदाज बघायला जायचं कशानं?"

"दत्तारामच्या व्हॅननं. दुसरी गाडी कुठं आहे?"

अशा रीतीने, ज्याच्या जागी माणूस शोधायचा होता त्याच्याच शेजारी बसून मी दर रविवारी तो माणूस शोधायला निघालो.

पहिली खेप वेळणेश्वरला झाली. तिथल्या गोलंदाजाने आम्हाला दारातच होकार दिला, नारळपाणी पाजले आणि येताना आग्रहाने फणसाचे साठ, म्हणजे वाळवलेल्या गराची पोळी, बांधून दिले. त्याच आठवड्यात त्याने आणखी तीन संघांना होकार आणि साठे दिल्याचे नंतर कळले. दत्ताराम म्हणाला, "सर, जो लगेच हो बोलतो त्याला पकडू नये. बोलिंगला पन तो असाच असनार. कुनी मागंल तिथं टाकनार."

नाटे गावची खेप मात्र मला चांगली आठवते. अल्ताफ तिथला मच्छीमार. आषाढाचा महिना, मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या आणि अल्ताफ पडवीत जाळे दुरुस्त करत बसला होता. आमच्या धंद्याची गंमत अशी, की गोलंदाज ज्या महिन्यांत मोकळा असतो त्या महिन्यांत खेळ नसतो, आणि खेळ सुरू होतो तेव्हा तो समुद्रावर असतो. म्हणून आम्ही हाताआधी त्याचे वर्ष बघतो. मच्छीमार कधी किनाऱ्यावर, आंब्याचा राखणदार बागेतून कधी सुटतो, मुंबईचा माणूस कधी गावी येतो, हे जुळले तर पुढचे बोलणे.

अल्ताफच्या हाताविषयी शंकाच नव्हती. पाऊस थोडा उघडला तेव्हा दत्तारामने त्याला ओल्या वाळूत चेंडू टाकायला लावले आणि स्वतः समोर नारळाच्या फुलोऱ्याचे वाळके आवरण, पोय, बॅटसारखी धरून उभा राहिला. काही चेंडूंनंतर तो पोय टाकून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, हा घ्या. कायपन करा, पन हा घ्या." त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता, की मी समुद्राकडे बघू लागलो.

अडचण होती अल्ताफच्या आईची. ती उंबऱ्यात बसून आमचे सगळे बोलणे ऐकत होती. दत्ताराम तिला स्पर्धा समजावून सांगत होता. तिने त्याला मध्येच थांबवले आणि मला विचारले, "तुम्ही काय बोलत नाय?"

"चाची, सर कमीच बोलतात," दत्ताराम म्हणाला.

"मग तेच बोलू देत." तिने मला सरळ विचारले, "मागच्या साली एका टीमनं याला नेला. तिकडं मारामारी झाली. सगळे गाडीत बसून पळाले, हा एकटा राहिला. चालत आला. तुम्ही याला टाकून येणार नाय कशावरून?"

जे खरे होते तेच मी सांगितले. "मी गाडीत सगळ्यात शेवटी बसतो. सगळे बसले का ते मोजून."

मग ती अल्ताफला म्हणाली, "मॅचच्या दिवशी होडीवर तुझा चाचा जाईल. मी सांगते त्याला." आणि आत चहा टाकायला गेली.

परतताना दत्ताराम खुशीत होता. बराच वेळ तो अल्ताफच्या मनगटाविषयी बोलत राहिला. मग वळण संपल्यावर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "सर, एक बोलू? रागवू नका. मला काढायचा असंल तर काढा. बापूंच्या मनात काय हाय ता मला दिसतंय. फक्त माझ्याच गाडीत बसून काढू नका."

मी म्हणालो, "अजून काही ठरलेलं नाही." ते खोटे नव्हते, पण पुरेसे खरेही नव्हते.

दुसरा गोलंदाज मिळाला अलोऱ्याला. प्रसाद, डावखुरा, संथ गतीचा. त्याचे वडील कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले. वसाहतीतली बरीच घरे आता रिकामी, आणि धो धो पाऊस. एका मोकळ्या सभागृहात आम्ही त्याची परीक्षा घेतली. चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन भिंतीवर आपटला की तो आवाज सगळ्या सभागृहात घुमे. चेंडू असा काही वळत होता की दत्तारामच्या हातात तीनदा आला नाही. पण प्रसादने आमचीच मुलाखत घेतली.

"मला बॅटिंगला कितवा पाठवणार?"

"तू बोलिंग कर ना बाबा," दत्ताराम म्हणाला.

"मी ऑलराउंडर आहे."

"आमच्याकडं बॅट्समन पायलीनं हायत. मापून घे लागंल तेवढे."

"सर, तुम्ही सांगा. कितवा?"

मी विचार करून म्हणालो, "सातवा." त्या मोसमात तो नववा गेला आणि एकदाही मला त्याबद्दल बोलला नाही. चांगल्या गोलंदाजाला आपण फलंदाज आहोत असे कुणीतरी एकदा मान्य केलेले पुरते, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याच सभागृहात प्रसादला यॉर्कर कसा टाकायचा हे दाखवायला दत्ताराम धावत आला. चेंडू अचूक पडला. त्यानंतर तो आमच्याकडे पाठ करून बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभा राहिला. उजवा हात त्याने डाव्या हाताने धरला होता.

आता तीन झाले होते. बापू गोलंदाजांचे चारच शर्ट छापत, तेव्हा चौथा महेशचा की दत्तारामचा एवढेच उरले होते. गणपतीला महेश मुंबईहून आला. बापूंनी त्याला आपल्या घरासमोरच्या खळ्यात गोलंदाजी करायला लावली. तरुण, वेगवान, खांद्यात दम. महेश चांगला होता याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. मी घरी येऊन विचार करू लागलो, आणि आयुष्यभर नकाशे काढल्याचा थोडा उपयोग झाला.

आमच्या जिल्ह्यात शिमगा सगळीकडे एकाच दिवशी होत नाही. काही गावांत होळी फाल्गुन त्रयोदशीला लागते, ती तेरसे शिमग्याची गावे. काही गावांत पौर्णिमेला, ती भद्रेच्या शिमग्याची. होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर फिरते. आपल्या घरी पालखी यायची असताना माणूस कुठेही जात नाही. आदल्या-दुसऱ्या दिवशीही तो घरात गुंतलेला असतो. मुंबईचे लोक तर तेवढ्यासाठीच रजा काढून येतात. आणि गावी माणसे भरलेली असतात म्हणून आमची सगळ्यात मोठी स्पर्धाही पौर्णिमेनंतर लगेच त्याच दिवसांत असते. मागच्या वर्षी तिथे आमची जी दैना झाली ती यामुळेच. नेमक्या सामन्याला दोन गोलंदाज पालखीत आणि यष्टिरक्षक गोलंदाजीला.

सूरज भद्रेचा. महेश त्याच्याच वाडीचा, म्हणून तोही भद्रेचा. प्रसादचे मूळ गावही भद्रेचे. अल्ताफला पालखी नाही, पण त्या वर्षी रमजान त्याच सुमारास येत होता. रोजा असताना दुपारच्या उन्हात त्याने एकट्याने सगळा भार उचलावा असे मला वाटेना. दत्तारामचे गाव खाडीपलीकडचे, तेरसे शिमग्याचे. शिवाय त्याचे घर मानकऱ्यांचे. पालखी निघाली की पहिल्या दिवशी तिथे. आमची स्पर्धा सुरू होईपर्यंत तो पूर्ण मोकळा.

मी हे बापूंना सांगितले. ते हसले. "म्हणजे सर, तुम्ही खांदा नाही, पंचांग बघून गोलंदाज घेणार?"

"दोन्ही बघून," मी म्हणालो. "पण शेवटचं षटक अल्ताफनं टाकावं. दत्तारामनं नाही."

"ते त्याला तुम्ही सांगाल?"

मी हो म्हणालो. होकार मी इतक्या लवकर कधी दिला नव्हता, आणि घरी पोचेपर्यंत मला त्याचा पश्चात्ताप झाला होता.

दसऱ्याच्या सुमारास शर्ट छापून आले. सगळे मी एका पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली. दत्तारामने पिशवीकडे पाहिले, पण आत किती आणि कुणाचे हे विचारले नाही. पहिल्या रविवारी नाट्याला गेलो. अल्ताफने शर्ट घेतला, आईने तो उलगडून पाठीवरचे नाव वाचले. आम्ही निघालो तेव्हा ती अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, गडग्यापर्यंत, पोचवायला आली, पण अल्ताफ खुर्चीत होता तसाच बसून राहिला. मला ते थोडे लागले. गाडीत बसल्यावर मी तसे म्हणालो.

दत्ताराम हसला. "सर, तुमाला म्हाईत नाय? शर्ट घेतलेला मानूस शर्ट देनारा गडग्याबाहेर जाईपर्यंत उठत नाय. पाठोपाठ उठून गेला तर त्याची जागा पन जाते, असं मानतात. पोराला कुनीतरी शिकवलंय. चांगला हाय."

पुढच्या रविवारी अलोरे झाले. परतताना सूरजचा शर्ट दिला आणि आम्ही वाडीतून बाहेर पडू लागलो. वाटेत महेशचे घर. महेश मुंबईला परत गेला होता, पण त्याचे वडील गडग्याशी उभे होते. रविवारी व्हॅन कुठे कुठे जाते हे सगळ्या वाडीला ठाऊक असते. आमची गाडी बघून त्यांनी हात किंचित वर केला.

दत्तारामने आपणहून वेग कमी केला. "थांबवू?"

"नको," मी म्हणालो. "पुढे चल."

गाडी हळूहळू त्यांच्यासमोरून गेली. त्यांचा हात तसाच थोडा वेळ हवेत होता. मग त्यांनी तो डोक्यावरची टोपी सारखी करण्यासाठी उचलला होता असे दाखवले. कुणाला काही न सांगण्याची आपली रीत किती सोयीची आहे, असे मला वाटत होते ते तोपर्यंतच. पुढच्या मोसमात महेश दुसऱ्या संघाकडून खेळला, एका स्पर्धेत त्याने एकट्याने आम्हाला गारद केले, आणि बापू आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते सगळे मला मान्य आहे. पण आठवतो तो त्या वडिलांचा हात.

मोसमाचा उरलेला निकालही इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला त्याची वाट पाहावी लागणार नाही. शिमग्याच्या स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या दिवशी सूरज आणि प्रसाद पालखीत होते. अल्ताफने रोजा धरून शेवटचे षटक टाकले, दत्तारामने आधी दोन टाकली, मधली फलंदाजांनी भागवली, आणि आम्ही तो सामना जिंकलो. अंतिम सामना हरलो. परतताना मी सगळ्यांना मोजून शेवटी गाडीत बसलो.

तर त्या रविवारी, वाडी मागे पडून पूल आला तेव्हा दत्तारामने विचारले, "आता कुठं, सर? तुमाला घरी सोडू?"

"तुझ्या घरी चल."

"माझ्या घरी कशाला? चाय तर सगळीकडं झाला."

"तरी चल."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पूल ओलांडून गाडी खाडीपलीकडच्या चढाला लागली.

त्याच्या खळ्यात एक खुर्ची मांडलेली होती. त्याची बायको पदर सावरत बाहेर आली. "या सर. यंदा लय उशीर केलात. खुर्ची मी गेल्या रविवारपासून बाहेरच ठेवलीय. हे बोलत होते, आत घे, यंदा कोन येनार नाय."

"तुला कोनी सांगितलं बोलायला?" दत्ताराम म्हणाला.

"का, खोटं हाय?"

मी पिशवीत हात घातला. आत एकच शर्ट उरला होता. तो मी दत्तारामच्या हातात दिला. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि त्याने शर्ट मांडीवर ठेवला, उलगडला नाही. मी गाडीत बसून जे बोलायचे नाही असे ठरवले होते ते आता त्याच्या दारात बोलायचे होते, आणि ते अधिक अवघड निघाले.

"दत्ताराम, शेवटचं षटक…"

"अल्ताफ," तो म्हणाला.

"हो."

"नाट्यालाच ठरलं ता. तुमी दर्याकडं बगत होतात तवाच." त्याने शर्टावरून हात फिरवला. "मला दुसरी ओव्हर द्या. दुसऱ्या ओव्हरला वारा पाठीशी असतो, खांदा कमी लागतो. आनि त्याला शेवटची कशी टाकायची ता मी सांगंन. तुमी नको. तुमाला नाय जमनार."

"नाही जमणार," मी मान्य केले.

त्याची बायको चहा घेऊन आली. आम्ही तो पुन्हा एकदा प्यालो. ऊन कलले होते. मी उठलो आणि सवयीने व्हॅनच्या दिशेने निघालो. दत्ताराम पायरीवरून हलला नाही.

"सर," तो म्हणाला, "आज मी सोडनार नाय."

मग मला खुर्चीत तसाच बसून राहिलेला अल्ताफ आठवला. त्याची बायको पदराआडून हसत होती. तो शर्ट दोन्ही हातांनी मांडीवर दाबून, शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखा ताठ बसला होता.

मी गडग्याबाहेर पडलो आणि चालत निघालो. पुलापर्यंतची वाट लांब आहे, सडा ओलांडून जावे लागते. कातळावर सोनकी फुलली होती. एकदा मागे वळून पाहिले. व्हॅन दारात उभी होती आणि तो अजून उठला नव्हता.